एक थेंब, दिवसातून चार वेळा

औषधाच्या चिठ्ठीवर ‘एक थेंब, दोन्ही डोळ्यांत, दिवसातून चार वेळा’ असे लिहिले जाते तेव्हा डोळा एका जागी राहतो हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते. माणसाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. मांजराचा डोळा मात्र मांजराबरोबर फिरतो, आणि बाटलीचे झाकण फिरवल्याचा आवाज येताच मांजर कपाटावर असते. मांजराच्या नेत्ररोगात रोग लहान असतो, औषध त्याहून लहान असते आणि या दोहोंच्या मध्ये चार-साडेचार किलोचे एक स्वतंत्र मत असते.

आमच्या गंपूचा डावा डोळा अर्धवट मिटलेला दिसू लागला तेव्हा प्रथम तो मिस्कीलपणा वाटला. बोका एरवीही आमच्याकडे तुच्छतेनेच पाहत असल्यामुळे त्या कामासाठी त्याला एक डोळा पुरेसा वाटत असावा, असे आम्ही धरून चाललो. पण लवकरच दुसराही डोळा चिकटू लागला, पापण्यांवर पिवळसर हिरवी चिपडे साचली, शिंका सुरू झाल्या आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून एक पांढरट पडदा बुबुळावर अर्ध्यापर्यंत सरकला. ही मांजराची तिसरी पापणी. ती सहसा दिसत नाही. डोळा दुखू लागला किंवा प्रकृती बिघडली की पुढे येते. ज्या प्राण्याला निसर्गाने प्रत्येक डोळ्यामागे तीन पापण्या दिल्या, त्याच्या डोळ्यांत औषध घालणाऱ्याला दोनच हात दिले, हा पक्षपात पुढे पदोपदी जाणवला.

घरात वैद्यकीय ज्ञानाचा तुटवडा कधीच नव्हता. सासूबाईंनी घरी पाडलेल्या काजळाची डबी काढली. शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी पाठवले आणि पाठोपाठ, मधाचा थेंब घातला तर डोळा चटकन साफ होतो, असा निरोपही पाठवला. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती तेव्हाची उरलेली बाटली नवऱ्याने फ्रिजच्या दारातून शोधून आणली आणि “अगं, औषध सगळं एकच असतं” असा सिद्धांत मांडला. तो ऐकून माझेच डोळे लाल झाले. डोळ्यांच्या थेंबांची बाटली एकदा उघडली की साधारण महिनाभरात टाकून द्यायची असते, ही एक गोष्ट. दुसरी त्याहून गंभीर: माणसांसाठीच्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असते, आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम झालेली असताना ते घातले तर जखम खोल जाऊन डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. बाटली कचऱ्यात गेली, काजळ डबीत परत गेले आणि गुलाबपाणी सासूबाईंनी स्वतःच्या डोळ्यांना लावले. गंपूला बास्केटमध्ये घालून आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी नारंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, दिवा मालवला आणि निळ्या प्रकाशात पाहिले. बुबुळावर जखम असेल तर तेवढी जागा हिरवी चमकते. तसे काही चमकले नाही. थोड्या वेळाने गंपूच्या नाकपुडीत हिरवा थेंब दिसला तेव्हा आम्ही हबकलो, पण डॉक्टर खूश झाले, कारण डोळ्यातले अश्रू नाकात नेणारी नळी मोकळी असल्याचा तो पुरावा होता. या नळीचे खरे स्वरूप आम्हाला नंतर समजायचे होते. शिंका आणि डोळे एकदम सुरू झाले म्हणजे बहुधा मांजरांचा हर्पीस विषाणू, तो माणसांना होत नाही, पण वर जिवाणूंची भर पडू नये म्हणून प्रतिजैविकाचे थेंब आणि रात्री मलम, असे निदान व उपचार ठरले. लायसिन (या विषाणूवर पूरक म्हणून दिले जाणारे एक अमिनो आम्ल) द्यावे का, असे नवऱ्याने विचारले, कारण त्याने रातोरात अभ्यास केला होता. या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा २०१५ साली आढावा घेतला गेला आणि त्यात लायसिनचा उपयोग दिसला नाही, असे ऐकल्यावर तो जरा हिरमुसला.

आता मुख्य कर्म. आधी चिपडे काढायची: कापसाचा बोळा सलाइनमध्ये भिजवून क्षणभर पापणीवर धरायचा, म्हणजे वाळलेली चिपडे सुटतात, आणि मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचे. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही. यानंतर मांजराला जुन्या टॉवेलात पुढचे पाय आत राहतील असे घट्ट गुंडाळायचे, म्हणजे अळूवडीच्या उंड्यासारखे ते वळले जाते आणि फक्त डोके बाहेर उरते. हे तत्त्व निर्दोष आहे. व्यवहारात मात्र डावी बाजू खोचेपर्यंत उजवीकडून एक पंजा बाहेर येतो, पंजा आत ढकलेपर्यंत शेपटीकडून उरलेला बोका निघून जातो आणि आपण रिकामा टॉवेल मोठ्या प्रेमाने छातीशी धरून बसलेलो असतो.

समोरून जायचे नाही, हेही डॉक्टरांनी बजावले होते, कारण समोरून येणारी बाटली मांजराला शस्त्र वाटते. जमिनीवर बसून मांजराची पाठ आपल्या पोटाशी घ्यायची, डाव्या हाताने हनुवटी उचलायची, उजव्या हाताची कड त्याच्या कपाळावर टेकवून बोटांनीच वरची पापणी किंचित ओढायची आणि बाटली डोक्याच्या मागून पुढे आणून, टोक डोळ्याला लागू न देता, थेंब सोडायचा. थेंब बाटलीतून सुटल्यापासून डोळ्यात पोहोचेपर्यंत जो काळ जातो, तेवढ्यात बोका मान कोठे नेऊ शकतो यावर भौतिकशास्त्राने विचार करायला हवा. गंपूच्या कपाळाला, उजव्या कानाला, माझ्या मनगटाला आणि नवऱ्याच्या चष्म्याला प्रतिजैविकाचा पूर्ण लाभ झाला. मांजराच्या डोळ्यात मुळात एक थेंबही पुरता मावत नाही, उरलेला ओघळणारच, हे समजल्यावर मनाला थोडी शांती मिळाली, नाहीतर मी ओघळलेला थेंब मोजायचा की नाही यावर रात्री विचार करत होते.

याच सुमारास ती अश्रूंची नळी कामाला लागली. डोळ्यातले औषध तिच्यातून नाकात आणि तेथून घशात उतरते, आणि ते कडू असते. गंपूच्या तोंडाला फेस आला. सासूबाईंनी देवघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोका पिसाळल्याचे जाहीर केले, काकू दारात आल्या आणि “मधाने असं झालं नसतं” एवढेच बोलून परत गेल्या. फेस थोड्या वेळात आपोआप थांबला.

रात्रीचा प्रयोग अधिक कठीण, कारण थेंब आणि मलम यांत निदान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे लागते, नाहीतर मलमाच्या थरामुळे थेंब आत पोहोचत नाही किंवा थेंबाने मलम वाहून जाते. या पाच मिनिटांत टॉवेलातला बोका सोडला तर पुन्हा सापडत नाही, आणि धरून ठेवला तर तो आपल्याकडे बघतो. त्या नजरेपुढे संभाषण सुचत नाही. शेवटी आम्ही थेंबानंतर लगेच आणि मलमानंतर पुन्हा, असा सुक्या बोंबलाचा तुकडा देऊ लागलो. गंपूने सौदा मान्य केला, म्हणजे बोंबील खाऊन तो मलमाच्या आधी पळू लागला.

डोळे खाजवू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू अडकवला होता. तो दाराच्या चौकटीला धडकल्याचा आवाज आल्यामुळे बोका कोणत्या खोलीत आहे हे कळू लागले, आणि माझ्या मते त्या शंकूचा वैद्यकीय उपयोगापेक्षा हा उपयोग मोठा आहे. मध्यरात्री थेंबाच्या वेळी मात्र अजिबात आवाज यायचा नाही. घड्याळात बारा वाजण्यापूर्वी तो दिवाणाखालच्या भिंतीला शंकू लावून श्वास रोखून बसे, आणि पहाटे औषधाचा काही संबंध नसताना माझ्या छातीवर बसून न्याहारी मागे.

पुन्हा दाखवायला नेले तेव्हा डॉक्टरांनी एका हाताने हनुवटी धरून, सहायकाशी बोलत बोलत, दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. गंपू हललाही नाही. “फारच शांत आहे हो,” असे ते म्हणाले. नवऱ्याने शर्टाच्या बाह्या खाली ओढून मनगटे झाकली. डोळे आता स्वच्छ होते, पण हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत लपून जन्मभर राहतो आणि मांजराच्या मनावर ताण आला की पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा अलीकडे घरात काही बदल झाला होता का, असे डॉक्टरांनी विचारले. दिवाणखान्याला रंग दिला होता. सामान हलले होते, रंगारी आले होते, त्याची नेहमीची खुर्ची गॅलरीत गेली होती.

“आम्ही सगळे त्याच रंगात खोकत होतो, आम्हाला कोणी ताण विचारला?” असे सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या. तरीही स्वयंपाकघराचा रंग सध्या पुढे ढकलला आहे, आणि दिवाळीला आठ दिवस राहायला येणाऱ्या नणंदेला दोन दिवसांत कसे आटोपायचे, यावर घरात हळू आवाजात विचार चालू आहे. रंगाऱ्याला कारण पावसाचे सांगितले आहे. नणंदेला सांगण्याजोगे कारण अजून सापडायचे आहे.