पोरींच्या फुटबॉलला आधी क्लब द्या

सांगलीत स्मृती मानधनाचं नाव निघालं की सगळ्यांची छाती फुगते, आणि फुगायलाच हवी. पण इथं पोरींचं फुटबॉल कुठं चालतं असं विचारा, लोक सरळ कोल्हापूरकडं बोट दाखवतात. (तिथं तरी पोरींचं किती, हा वेगळाच विषय.)

आपल्या क्रीडाप्रेमी मंडळींनी फुटबॉल कोच एमा हेजची कारकीर्द एकदा वाचावी. लंडनची बाई. घोट्याच्या दुखापतीनं कोवळ्या वयातच खेळणं सुटलं, म्हणून कोचिंगला लागली. अमेरिकेत शिकागो रेड स्टार्स या क्लबनं २०१० मध्ये भर हंगामात काढून टाकलं. आपल्याकडं अशा कोचला नंतर कुणी पीटीचा तासही दिला नसता. लंडनच्याच चेल्सी क्लबनं २०१२ मध्ये महिला संघ तिच्या हाती दिला, तो पार २०२४ पर्यंत. ७ वेळा इंग्लंडची लीग जिंकली, ५ वेळा एफए कप, म्हणजे तिथली बाद पद्धतीची स्पर्धा.

मला कपांपेक्षा एक हार जास्त महत्त्वाची वाटते. २०१६ चा एफए कप फायनल, चेल्सी आर्सेनल क्लबकडून ०-१ हरली. त्या दिवशी बऱ्याच जणींची पाळी चालू होती किंवा तोंडावर आली होती, हे हेजनं पुढं उघडपणे सांगितलं. २०२० पर्यंत क्लबनं प्रत्येकीची पाळी बघून सराव आखायला घेतला. आणि आमच्याकडं? ग्राउंडवर कपडे बदलायला खोली नाही. एक जण ओढणी ताणून धरते, दुसरी तिच्याआड जर्सी चढवते. 'त्या' दिवसांत पोरगी येतच नाही. सरांना विचारायला अवघड वाटतं, तिला सांगायला. मग पुढच्या मॅचला ती बाहेर बसते, का ते कुणीच बोलत नाही.

मे २०२४ मध्ये हेजनं अमेरिकेचा राष्ट्रीय संघ हाती घेतला. ऑलिम्पिकच्या १८ जणींतून ॲलेक्स मॉर्गनसारख्या स्टार स्ट्रायकरचं नाव गाळलं, शिव्या खाल्ल्या, आणि १० ऑगस्टला ब्राझीलला १-० हरवून सुवर्ण घेतलं. लोक म्हणाले जादू. कसली जादू? राष्ट्रीय कोचच्या हाती खेळाडू मोजके दिवस असतात. त्या पोरी वर्षभर आपापल्या क्लबात घाम गाळून आलेल्या होत्या.

आपण मात्र शालेय स्पर्धा तोंडावर आली की पोरी गोळा करतो, निवड चाचणी उरकतो, विभागाला हरून येतो. दहावी झाली की बूट माळ्यावर. वर आणि म्हणायचं, आपल्या पोरींत दम नाही!

सांगली, मिरज, कुपवाड मिळून पोरींचे चार क्लब निघाले तरी दर रविवारी दोन मॅच होतील. डिजिटल बोर्डावर उधळतो त्यातले थोडे पैसे मंडळांनी इकडं वळवावेत. तुमच्या मंडळाच्या बैठकीत विषय काढा, बोलायला मी येते. आणि पहिला खर्च बॉलवर नको, कडी लागणाऱ्या एका खोलीवर करा.