ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो

मिठाईत भेसळीचा संशय आल्यास ग्राहकाला तक्रार करून वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही, हे मिठाईतील भेसळीवरच्या लेखातील विधान बरोबर नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या तपासनिसाकडून, पदार्थ तपासून घेऊ शकतो. मात्र तसा हेतू असल्याचे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावे लागते, आणि सणाच्या गर्दीत काउंटरवर हे सांगायला धीर लागतो, हेही खरे.

तपासणीचा अहवाल देण्यास कायद्याने १४ दिवसांची मुदत दिली आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने धनत्रयोदशीला घेतलेल्या पेढ्याच्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत उरलेला घाणा कधीच खपलेला असतो. म्हणूनच सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावे’ ही तारीख लावण्याची १ ऑक्टोबर २०२० पासूनची सक्ती मला अधिक उपयोगाची वाटते, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. आमच्या भागातील एका दुकानात मात्र नोकराने पाटीवरची मार्करची तारीख अंगठ्याने पुसून पुढची लिहिलेली मी पाहिली. ट्रेमधली बर्फी तीच होती. निरीक्षकांनी नमुन्याइतकेच या पाट्यांकडे आणि दुकानातील उत्पादनाच्या नोंदींकडेही पाहावे.