पेपर आपला, तपासणारेही आपणच

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आयुष्य बदलून टाकावंसं वाटू लागलं तर घाबरून जाऊ नका. हे दुखणं हवेतलं आहे, पुष्कळांना होतं, आणि वेळीच आत्मपरीक्षण केलं तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उतार पडतो. मी स्वतः गेली सहा वर्षं ते न चुकता करतो आहे आणि आजवर माझ्यात काडीचा फरक पडलेला नाही. तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगायला हरकत नाही.

आधी वही आणा. ती नवीच हवी. जुन्या वहीत पुष्कळ पानं कोरी असतात हे खरं, पण पुढच्या पानांवर गेल्या वर्षीचं आत्मपरीक्षण असतं आणि ते नजरेला पडलं की हात आखडतो. कागद जाड, पुठ्ठा कडक, मध्ये रेशमी फीत. ही फीत फार कामाची. आपण कुठे थांबलो ते ती वर्षभर इमानेइतबारे सांगत बसते. माझ्या कपाटातल्या सहाही वह्यांत ती नवव्या पानाच्या आसपास आहे. पहिल्या पानावर अक्षर मोत्यासारखं, शीर्षकाखाली पट्टीने मारलेली दुहेरी रेघ. चौथ्या पानावर रेघ नुसत्या हाताने. सातव्यावर 'कालचं आज लिहितो आहे'. नवव्यावर फक्त तारीख. मग एकदम शेवटच्या पानावर घाईघाईत उतरवलेला फोन नंबर. कुणाचा, ते लिहिलेलं नाही. 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण ज्याने केली त्याने अंदाजाने केली नसावी. त्याच्याकडेही वही असणार.

इथे कुणीतरी मध्ये पडून सांगेल की सवय लागायला एकवीस दिवस पुरतात. त्याला मानाने बसवून घ्या. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून आला. रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहून ठेवलं. त्यातलं 'निदान' वाटेत गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी पहाटे उठणं येऊन बसलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसं घेऊन खरोखरच मोजलं, तेव्हा साधीशी सवय मुरायला मध्यावर ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. हा शेवटचा आकडा पाठ करून ठेवा. 'मी २५४ वाल्यांपैकी आहे' एवढं म्हटलं की एक जानेवारीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तुम्हाला कुणी हटकू शकत नाही. त्यानंतर वर्ष संपतच आलेलं असतं.

आता गेल्या वर्षीची उद्दिष्टं. ती शक्यतो बघू नयेत. बघितलीच तर वाचून दुःखी होऊ नये, वळवून घ्यावीत. आपल्याला उद्दिष्टापर्यंत जाता येत नसेल तर उद्दिष्टाला आपल्यापर्यंत आणता येतं, फक्त दमाने घ्यावं लागतं. माझं पहिल्या वर्षीचं कलम होतं 'पहाटे पाचला उठणे'. दुसऱ्या वर्षी साडेपाच झाले. तिसऱ्या वर्षी 'सहाच्या आत'. चौथ्या वर्षी 'वेळेवर उठणे', कुणाच्या वेळेवर ते मोघम. पाचव्या वर्षी 'सकाळ प्रसन्न ठेवणे'. आणि गेल्या वर्षी 'झोपेशी निकोप नातं जोडणे'. हे मात्र मी पुरं केलं, अपेक्षेबाहेर पुरं केलं. वहीत त्यापुढे बरोबरची खूण आहे. सहा वर्षांतली ती एकच.

या कामाची बोलीही वेगळी असते, ती शिकून घ्या. 'जमलं नाही' असं या बोलीत म्हणत नाहीत, 'खूप काही शिकायला मिळालं' म्हणतात. कंटाळा केला असेल तर स्वतःला वेळ दिलेला असतो. जवळच्या माणसाशी बोलणं तुटलं असेल तर 'नाही' म्हणायला शिकलेलो असतो. पैसे बुडाले असतील तर ती स्वतःतली गुंतवणूक. आणि या सगळ्याला मिळून प्रवास म्हणायचं. ज्या वर्षी माणूस जागचा हललेला नाही त्या वर्षाला तर हमखास प्रवासच म्हणावं.

वेळ पुरला नाही ही सबब मात्र जपून वापरा. इसवी सनापूर्वी ४६ साली ज्यूलियस सीझरने विस्कटलेलं कॅलेंडर ताळ्यावर आणण्यासाठी जादा महिने घातले आणि ते एक वर्ष ४४५ दिवसांचं झालं. ऐंशी दिवस वाढवून मिळाले तरी त्या वर्षाचं नाव पुढे काय पडलं? 'गोंधळाचं वर्ष'.

नवी उद्दिष्टं लिहायलाच हवीत. नुसती मनात ठेवून चालत नाही. कारण १९५३ साली येल विद्यापीठातल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली उद्दिष्टं लिहून ठेवली होती, त्यांच्याकडे वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त संपत्ती होती. प्रेरणा देणाऱ्या भाषणांत हा अभ्यास तुम्ही कधी ना कधी ऐकला असेल. त्यात उणीव एवढीच की तो झालेलाच नाही. शोधायला गेलेल्यांना येलमध्ये त्याचा मागमूस सापडला नाही. पण म्हणून खचू नका, उलट हुरूप धरा. न केलेल्या कामाचा एवढा दबदबा असू शकतो, तर तुमच्या यादीने का निराश व्हावं?

उद्दिष्ट 'स्मार्ट' असावं, हेही तुमच्या कानावर असेल. १९८१ साली जॉर्ज डोरन यांनी व्यवस्थापनातल्या लोकांसाठी ही पाच इंग्रजी आद्याक्षरं जुळवली: नेमकं असावं, मोजता यावं, वास्तवात बसावं, मुदत असावी, वगैरे. मूळच्या पाचांत 'ए' हे अक्षर 'काम कुणाच्या अंगावर टाकायचं' यासाठी होतं. पुढे हातोहाती फिरताना बहुतेक ठिकाणी त्याचं 'साध्य होण्याजोगं' झालं. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. पाचांत 'हे करणार कोण' हा एकच प्रश्न अडचणीचा होता, तो गेला. आता हवी तेवढी उद्दिष्टं ठेवा.

यादी झाली की लगेच सांगत सुटा. घरी सांगा, कामावर सांगा, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की आपण पुढे कोण होणार हा इरादा दुसऱ्याने ऐकून घेतला की माणूस त्यासाठी राबतो कमी. आपण ते झालोच असं त्याला आतून वाटू लागतं. म्हणजे समोरच्याने 'अरे वा!' म्हटलं की निम्मी वसुली झाली. मी कादंबरी लिहिणार असं तीन वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. अजूनही लोक आदराने विचारतात, 'कुठवर आली?' एक जरी पान लिहिलं असतं तर ते त्यांनी वाचायला मागितलं असतं आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं.

यापुढचा टप्पा तक्त्याचा. या पंथाचा मूळपुरुष बेंजामिन फ्रँकलिन. ऐन विशीत त्याने १३ सद्गुण निवडले, एका लहानशा वहीत तांबड्या शाईने सात वारांचे रकाने आखले, आणि ज्या दिवशी ज्या गुणात चूक होईल तिथे काळा ठिपका द्यायचं ठरवलं. आठवड्याला एक गुण विशेष नजरेखाली. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. नवी फेरी सुरू करताना जुने ठिपके खरवडून काढायचे. ते इतके होते की खरवडून खरवडून वहीला भोकं पडली. मग त्याने काय केलं? ठिपके कमी केले म्हणता? त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. त्यावर पेन्सिलीने ठिपके द्यायचे आणि ओला स्पंज फिरवायचा, की चारित्र्य स्वच्छ. आपल्याकडे ॲप आहे, स्पंजही लागत नाही. व्यवस्थितपणा हा गुण आपल्याला काही केल्या साधला नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि ते मी माझ्या टेबलावरच्या ढिगाकडे बघत अधूनमधून आठवतो. नम्रता तर यादीत मुळात नव्हतीच. लोक तुला गर्विष्ठ समजतात, असं एका मित्राने सांगितल्यावर ती तेरावी म्हणून आली. यावरून धडा असा की डिसेंबरात स्पष्टवक्त्या मित्रांना भेटू नये.

मुहूर्ताची फार काळजी करू नका. हेंगचेन डाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवून दिलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोकांचं व्यायामशाळेत जाणं वाढतं. एक जानेवारी हुकली तर सोमवार आहे. सोमवार हुकला तर पहिली तारीख आहे. गुरुवारी दुपारी सुधारलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

राहता राहिला एक नियम, आणि तो सगळ्यांत अवघड: जे मोजता येत नाही ते वर्षात धरायचं नाही. फोनमधले फोटो हा नियम मोडायला लावतात. यंदा आत्मपरीक्षणासाठी म्हणून मी गॅलरी उघडली, तर उद्दिष्टांशी संबंध असलेला एकच फोटो निघाला. व्यायामाच्या बुटांचा, खोक्यातून काढतानाचा. बाकी सगळा गाळ. गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू, दुकानदाराला नाव दाखवायला. त्याच पाकिटाचे पुढच्या महिन्यातले दोन फोटो. दवाखान्याच्या खिडकीतून दिसणारं एक झाड, पंधरा दिवसांत तीन वेळा, कारण आईला ते पलंगावरून दिसत नव्हतं आणि त्याला पालवी कितपत आली ते तिला बघायचं असायचं. यातलं काही एक कुठल्याही रकान्यात बसत नाही. 'वैयक्तिक प्रगती'खाली झाड लिहिता येत नाही. असले फोटो पुसून टाका, फोनमध्ये जागा होईल.

पावलांचंही तसंच. दिवसाला दहा हजार हा आकडा जपानात १९६५ साली बाजारात आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून जगभर गेला. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. पण आता आकडा आहे म्हटल्यावर तो पाळायला हवा. माझ्या फोनने वर्षभराचा आलेख काढून दिला आहे. त्यात एका रविवारी फक्त ४१२ पावलं दिसतात, वर्षातला नीचांक. त्या दिवशी संध्याकाळी मी पुतणीच्या सायकलची सीट मागून धरून पळत होतो, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अंधार पडेस्तोवर. 'सोडू नको हं काका,' असं ती ओरडत होती. मी केव्हाच सोडलं होतं, तरी मागे पळतच होतो. फोन घरात चार्जिंगला होता.

त्या रविवारपुढे ॲपने लाल खूण करून विचारलं आहे, 'या दिवशी काय चुकलं?' नव्या वहीत, पहिल्या पानावर, पट्टीने दुहेरी रेघ मारून मी उत्तर लिहिलं: आळस.