रात्री आठचा मशीनचा स्लॉट

डिसेंबरात स्टॉकहोमला सूर्य पावणेतीनला मावळतो, म्हणजे दुपारचा डबा पचायच्या आत तिन्हीसांजा. अशा दिवसांत माणसाने साजूक तुपाची खिचडी खाऊन काहीतरी हलकंफुलकं बघावं की नाही? पण आमच्या हिला स्वीडिश सुधारायचं होतं, म्हणून आम्ही 'यूर्डस्कॉट' लावली. 2015 ची सिरीज. एव्हा नावाची पोलीसबाई, तिची मुलगी सात वर्षांपूर्वी तळ्याकाठून गायब झालेली, आता वडील वारले म्हणून ही गावी येते तर तिथे एक मुलगा हरवलाय. इथपर्यंत आपला नेहमीचा तपास, पंचनामा वगैरे. मग हळूहळू कळतं की जंगलात जे काही आहे ते माणूस नाहीये आणि त्याला अटक करायला पोलिसांकडे कलमच नाही.

त्यात मी शहाण्याने इथल्या लोककथा वाचल्या. यांच्या जंगलात स्कूग्सरो नावाची बाई असते, समोरून देखणी आणि पाठीमागून कुजलेल्या झाडासारखी पोकळ. आमची आजी हडळीचं अगदी हेच सांगायची, पुढून गुबगुबीत आणि मागून नुसता सापळा. म्हणजे व्हिसा, पर्मिट सगळं करून एवढ्या लांब आलो आणि इथेही हीच.

चौथा एपिसोड ऐन रंगात आलेला आणि ही म्हणाली, "अरे, आठचा स्लॉट आपला आहे ना?"

इथे जुन्या बिल्डिंगीत घरात मशीन नसतं. तळघरात सगळ्यांची मिळून लाँड्री, बाहेर बोर्ड, त्यावर आपल्या फ्लॅट नंबरचं इवलंसं कुलूप आपल्या वेळेच्या भोकात अडकवायचं. ती वेळ चुकली की पुढची थेट दहा दिवसांनी.

"तू जा ना."

"मी व्हर्ब्स करतेय."

गेलो. एका हातात बादली, दुसऱ्या हातात मोबाईलचा टॉर्च. दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, आत लोकांची स्की, पाळणे, डोकं नसलेला शिवणकामाचा पुतळा. दिवा सेन्सरचा, आपण हललो तरच लागतो. आणि मी घाबरून थिजलो, की तोही विझतो. मग अंधारात हात हलवायचे, आरतीला टाळ्या वाजवतात तसे.

लाँड्रीचं दार उघडलं तर आत कोणीतरी पाठमोरं उभं. पांढरे केस. हातात पांढरी चादर आणि चादरीवर लाल डाग.

मी आधी पाठ बघितली, खरं सांगतो. स्वेटर होता. भरीव वाटली.

ती वळली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, पण इथे सगळ्यांनाच 'दू' म्हणजे अरेतुरे, त्यामुळे आदर दाखवायला मान जरा जास्त वाकवली. आजींनी चादर टेबलावर पसरली आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. अगदी पुराव्याची ठेवतात तशी. आत आमचं ओट्याचं फडकं! गेल्या आठवड्यात ड्रममध्ये राहिलेलं, हळदीने माखलेलं. ते यांच्या पांढऱ्या कपड्यांबरोबर फिरलं, चादर पिवळी झाली, मग यांनी वरून साबण चोळला, आणि हळदीला साबण लागला की काय होतं ते आपल्याकडे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं.

"हे कोणाचं?" आजींनी विचारलं. अख्ख्या बिल्डिंगीत वरण-फोडणी करणारं घर एकच. चार एपिसोड झाले तरी एव्हाच्या हाती काही लागलं नव्हतं, आजींनी केस आठवड्यात सोडवली.

मी कबूल केलं. वर आईचा उपायही सांगितला, साबण धुऊन टाका आणि कडक उन्हात वाळत घाला, दोन दिवसांत डाग उडतो, अगदी खात्रीने.

आजींनी छताजवळच्या छोट्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर मिट्ट काळोख.

"बरं," त्या चादरीची घडी घालत म्हणाल्या, "मग एप्रिलमध्ये बघू."