नकाशावर गोल दिसला म्हणजे थडगं सापडलं?

‘घरबसल्या उपग्रहाचा नकाशा उघडा. गोल दिसला की प्राचीन दफनटेकाड, सरळ रेघ दिसली की प्राचीन वाट. आता एआय हे आपोआप शोधतं, उत्खननाची गरजच उरलेली नाही.’ अशा आशयाचा मजकूर खूप फिरतो. त्यातलं एकेक विधान तपासू.

‘गोल म्हणजे थडगं.’ नांगरटीने थडग्यावरचं मातीचं टेकाड सपाट झालं तरी त्याभोवतीचा चर मातीखाली उरतो. बुजलेल्या चरातली माती ओल धरते, त्यावरचं पीक उंच वाढतं, उशिरापर्यंत हिरवं राहतं आणि वरून वर्तुळ दिसतं. इथवर ठीक. पण गोल झोपडीभोवतीचा चर, जुन्या पवनचक्कीचा पाया, युद्धकाळातलं सर्चलाइटचं ठाणं, बुजवलेलं तळं, गवतातली बुरशी यांचंही वर्तुळच उमटतं. म्हणून आधी व्यास मोजायचा, मग चर सलग आहे की एका बाजूला दाराएवढी फट आहे ते पाहायचं आणि शेवटी जुने नकाशे व जुनी हवाई छायाचित्रं काढायची. इंग्लंडमधलं वुडहेंज हे प्राचीन स्थळ बरीच वर्षं नांगरलेलं दफनटेकाडच समजलं जात होतं. 1925 मध्ये वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल यांना विमानातून वर्तुळाच्या आत ठिपके दिसले, आणि 1926 ते 1928 च्या उत्खननात लाकडी खांबांच्या खड्ड्यांची सहा समकेंद्री वर्तुळं निघाली.

‘दिसत नाही म्हणजे तिथे काही नाही.’ पिकातल्या खुणा बार्ली-गव्हात, तेही पाण्याचा ताण पडल्यावर उठतात. बटाट्याच्या शेतात जवळपास काहीच कळत नाही, गवतात फक्त कडक दुष्काळात. ब्रिटनमध्ये 1976 आणि 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यांत खुणांचा अक्षरशः पाऊस पडला. एकाच तारखेचं चित्र पाहून निकाल देऊ नये.

‘लिडार खोटं बोलत नाही.’ लिडार म्हणजे विमानातून लेसर किरण सोडून जमिनीची उंची मोजायचं तंत्र. लिडार नाही बोलत, पण त्याची प्रक्रिया बोलते! झाडोरा गाळणारं सॉफ्टवेअर कधी झुडपांचा पुंजका जमीन म्हणून ठेवतं, कधी ठेंगणं टेकाडच पुसून टाकतं. त्यात 1 मीटरच्या चौकटींच्या जाळीवर 6 मीटर व्यासाचं टेकाड आडवं जेमतेम सहा चौकटींत मावतं. दुसरी गफलत उंचीच्या नकाशावर संगणकाने टाकलेल्या कृत्रिम उजेडाची. प्रकाश नेहमीप्रमाणे वायव्येकडून टाकला की वायव्य-आग्नेय जाणारी वाट जवळजवळ नाहीशी होते. निदान आठ दिशांनी छाया काढाव्यात. सपाट झालेल्या टेकाडांसाठी मूळ पृष्ठभागातून त्याचंच गुळगुळीत केलेलं रूप वजा करावं, म्हणजे अर्ध्या मीटरचा उंचवटाही वर येतो. साध्या छायाचित्रात सावली वरच्या बाजूला पडली असेल तर डोळा फसतो आणि टेकाड खड्ड्यासारखं भासतं. चित्र उलटं फिरवून पाहावं.

‘सरळ रेघ म्हणजे प्राचीन वाट.’ बहुतेकदा ती पाइपलाइन, निचऱ्याचा चर किंवा मोडलेला बांध असतो. पायांनी आणि गुरांनी पडलेली वाट उतारावर फाटे फोडते, पुन्हा जुळते. सीरियाच्या खाबूर खोऱ्यात 1960 च्या दशकातल्या ‘कोरोना’ या अमेरिकी हेर-उपग्रहांच्या, 1995 मध्ये खुल्या झालेल्या छायाचित्रांत प्राचीन वसाहतींच्या जागांपासून चहूकडे फुटणाऱ्या रुंद, उथळ वाटा दिसतात. त्यांचा काळ रेघेवरून ठरत नाही. ती वाट कोणत्या वसाहतीला जाते आणि कोण कोणाला छेदतं, यावरून अंदाज बांधतात. उलट इंग्लंडमधली स्वीट ट्रॅक ही इ.स.पू. 3807-3806 च्या सुमाराची लाकडी वाट पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजक्या वनस्पतींच्या, थराखाली होती. ती 1970 मध्ये पीट काढताना सापडली, हवेतून नव्हे.

‘उत्खनन नको.’ वायव्य अरबस्तानातल्या थडग्यांच्या दुतर्फा रांगा असलेल्या वाटांचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. ते काम उपग्रहचित्रांवर थांबलं नव्हतं. हेलिकॉप्टरमधून छायाचित्रं घेतली, जमिनीवर पाहणी झाली, उत्खनन झालं, आणि इ.स.पू. तिसरं सहस्रक हा काळ रेडिओकार्बन कालमापनाने ठरला. एआयचं तर विचारूच नका. एका मातीवर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या प्रदेशात कोळशाच्या भट्ट्यांनाही टेकाड म्हणतं.

हवाई पाहणीतून हाती येते ती ‘संभाव्य’ स्थळांची यादी. प्रत्येक नोंदीपुढे छायाचित्राची तारीख, पीक, प्रकाशाची दिशा, व्यास आणि दुसरं शक्य स्पष्टीकरण लिहावं. नेमके अक्षांश-रेखांश जाहीर न करता पुरातत्त्व खात्याला कळवावेत. लुटारूही हेच नकाशे पाहतात.