मर्सी ब्राऊनचे हृदय

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या एक्झेटर गावी १७ मार्च १८९२ रोजी ब्राऊन कुटुंबातील तीन स्त्रियांची शवे तपासण्यात आली. आई आणि थोरली मुलगी यांना जाऊन आठ-नऊ वर्षे झाली होती, त्यामुळे त्यांच्या शवांत रक्ताचा मागमूस नव्हता. एकोणीस वर्षांची मर्सी मात्र त्याच जानेवारीत वारली होती, तिचे शव कडाक्याच्या थंडीत ठेवलेले होते आणि तिच्या हृदयात रक्त सापडले. मेलेले माणूस जिवंत नातलगांचा जीव शोषते आणि हृदयातले रक्त ही त्याची खूण, अशी गावकऱ्यांची समजूत होती. म्हणून त्यांनी ते हृदय व यकृत जाळले आणि राख पाण्यात कालवून तिच्या क्षयग्रस्त भावाला, एडविनला, पाजली. २ मे रोजी तोही गेला.

या घटनेला अडाणीपणा म्हणून निकालात काढणे मला पटत नाही. एका घरात एक माणूस गेले की मागोमाग दुसरे झिजू लागते, हे गावकऱ्यांचे निरीक्षण अचूक होते. चूक होती ती कारण शोधण्यात. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच जाहीर केला होता आणि शव तपासणाऱ्या डॉक्टरांनीही मर्सीच्या फुफ्फुसांत क्षयाच्या खुणा असल्याचे सांगितले होते. पण क्षयावर गुणकारी ठरलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागायला १९४३ साल उजाडावे लागले. मधल्या साठ वर्षांत वैद्यकाकडे रोगाचे नाव होते, औषध नव्हते. एडविन हवापालटासाठी कोलोरॅडोलाही जाऊन आला होता. हवा आणि राख, दोन्ही उपाय सारखेच निष्फळ ठरले, तरी आपण हसतो ते फक्त राखेला.

‘व्हँपायर’ म्हणजे रक्तपिशाच हा शब्द गावकऱ्यांचा नव्हे, तो वृत्तपत्रांनी चिकटवला. फिकट चेहरा, ओठांवर रक्त, दिवसेंदिवस खंगत जाणारे शरीर ही क्षयाचीच लक्षणे साहित्यातल्या रक्तपिशाचाच्या बळींमध्ये दिसतात, हा मला योगायोग वाटत नाही. (१८१९ साली प्रसिद्ध झालेली रक्तपिशाचाची गाजलेली इंग्रजी कथा लिहिणारे जॉन पॉलिडोरी पेशाने डॉक्टरच होते.)

मला सर्वांत अस्वस्थ करतात ते मर्सीचे वडील, जॉर्ज ब्राऊन. त्यांचा या उपायावर फारसा विश्वास नव्हता, शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर त्यांनी होकार दिला, असे तेव्हाच्या वृत्तांतांत नोंदलेले आहे. नकार दिला असता, तर मुलाच्या मृत्यूचा ठपका जन्मभर त्यांच्याच माथी बसला असता.