नदी म्हणजे तुमची मोरी आहे का?

शनिवारी सिंधुदुर्गातल्या तिलारी नदीच्या काठी तंबू ठोकला होता. तात्यांच्या पोफळीच्या बागेत, त्यांना विचारून, जेवणही त्यांच्याच चुलीवर. भाची सुट्टीला आलेली, तिला पाणमांजर दाखवायचं कबूल केलं होतं. पहाटे साडेपाचला दोघं कातळाआड जाऊन बसलो. कातळावर ताजी विष्ठा, खेकड्याच्या कवचाच्या तुकड्यांनी भरलेली. म्हणजे रात्री येऊन गेलेलं! पोरगी श्वास रोखून बसली. आणि पावणेसहाला पलीकडच्या काठावर गाडीची चारही दारं उघडून गाणी सुरू. पावणेसहाला!

रात्री दीडपर्यंत हेच नाचत होते. अधूनमधून फटाके. अरे, २००२ पासून कर्नाटकातून हत्ती उतरतात या भागात. बिथरून बागेत घुसले तर केळी आणि माड कोणाचे जाणार? तुम्ही रविवारी घरी, निस्तरायचं तात्यांनी.

मग बिर्याणीचा टोप आला पाण्यात. साबणाचा फेस, तेलाचा तवंग, भात, सगळं वाहत आमच्या पायांपर्यंत. वर हाडं भिरकावली. मी ओरडलो तर म्हणे, "काका, वाहतं पाणी आहे, जाईल सगळं." कुठे जाईल? खाली माणसं राहत नाहीत? पुढे गोव्यात शापोरा म्हणतात ती हीच नदी. तुमच्या घरच्या पिण्याच्या टाकीत घासा ना टोप!

वेळासला कासवाच्या पिल्लांच्या तोंडावर मोबाइलचा फ्लॅश मारणारे हेच. तारकर्लीच्या पुळणीवर गाडी घालून रुतली की गावातल्या पोरांना ढकलायला बोलावणारे हेच. चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी पहुडलेल्या मगरीला "हलत का नाही" म्हणून दगड मारणारेही हेच. जनावर दिसलं की यांचे हात शिवशिवतात. आणि शांतता यांना चावते की काय कोण जाणे, जंगलात येऊनही स्पीकर लागतोच.

२०२० साली तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झालं. पाटीवर 'राखीव' वाचून यांना वाटतं, आपल्या पार्टीसाठीच राखून ठेवलंय.

परत येताना भाचीच्या टाचेत बिअरच्या बाटलीची काच घुसली. ओल्या वाळूत उभी रुतलेली, हिरवी, दिसलीच नाही. दोन टाके पडले. तंबूकडे आलो तर तात्या गोण घेऊन काठावर वाकलेले. म्हटलं, "तात्यानू, तुम्ही कशाक उचलतास?" मान वर न करता म्हणाले, "सांगान सांगान तोंड दुखला रे बाबा. ढोरां येतत हय पाण्यार."

दोन गोणी भरल्या. त्या गाडीचा नंबर लिहून ठेवलाय, फोटोही आहेत. उद्या वनखात्याच्या ऑफिसात नेऊन देतोय, आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. भाची पाणमांजर न बघताच काल घरी गेली, लंगडत.